रस्त्याची नाडी पायांनी तपासणारा माणूस

रस्ता रुंद केला की शहराचा श्वास मोकळा होतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. वाहतूक तुंबली की पहिली मागणी रस्तारुंदीकरणाची होते आणि रुंदीकरणात पहिला बळी पदपथाचा जातो. कडेची झाडे जातात, फूटपाथ हातभर उरतो, त्या हातभर जागेत विजेची पेटी, दुकानाची पाटी आणि दोन दुचाक्या येऊन बसतात. चालणारा माणूस मग मुकाट्याने खाली डांबरावर उतरतो. याची किंमत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आकड्यांनी दिसते. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज साधारण नव्वद.

रस्ता म्हणजे फक्त गाड्या वाहून नेणारी नळी, या समजुतीला आपल्याच शहरांत शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हरकत घेतली होती. तो इंजिनीअर नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. तो होता वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. सर पॅट्रिक गेडिस हे त्यांचे नाव. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना ते माहीत असते, समाजशास्त्राच्याही. माझ्या मते वैद्यकाच्या लोकांनीही ते माहीत करून घ्यायला हवे, कारण गेडिस यांनी शहराकडे पाहिले ते एखादा चांगला वैद्य रुग्णाकडे पाहतो तसे.

टेकडी, सूक्ष्मदर्शक आणि अंधारी खोली

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पुढे कुटुंब पर्थ शहरात राहायला आले. घर टेकडीच्या उतारावर, भोवती बाग. वडिलांबरोबर टेकड्या चढायच्या, वरून शहर आणि नदी पाहायची, झाडे ओळखायची, हे पॅट्रिकचे पहिले शिक्षण. पायी फिरत बघण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायला ते गेले आणि आठवडाभरात बाहेर पडले. वाळवलेल्या झाडांची नावे पाठ करणे त्यांना रुचेना. मग लंडनमध्ये थॉमस हक्सली या नामवंत जीवशास्त्रज्ञाकडे त्यांनी धडे घेतले. त्यांनी कधीच रीतसर पदवी मिळवली नाही, पण संशोधक म्हणून नाव कमावले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर रॉस्कॉफ येथे सापडणारा एक हिरवा चपटा कृमी त्यांनी अभ्यासला. तो उन्हात ठेवला की प्राणवायू सोडतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच्या शरीरात राहणाऱ्या शेवाळामुळे हे घडते. जीवसृष्टीत झगडा आहे तसे सहजीवनही आहे, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून घट्ट बसला.

१८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. वय अवघे पंचवीस. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावे लागले. चाचपडताना हाताला खिडकीच्या तावदानांच्या चौकटी लागल्या. एकेका चौकटीत एकेक कल्पना ठेवून त्यांचे आपसातले नाते तपासायचे, अशी विचार करण्याची एक पद्धत त्यांनी त्या अंधारात तयार केली. दृष्टी परत आली, पण तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात पाहण्याचे बळ डोळ्यांत राहिले नाही. प्रयोगशाळेतली वाट अरुंद झाली आणि हा जीवशास्त्रज्ञ अधिक मोठ्या सजीवाकडे वळला. तो सजीव म्हणजे शहर.

अवयव राखून शस्त्रक्रिया

एडिंबरोचा जुना भाग तेव्हा दाटीवाटीच्या, कोंदट चाळींनी भरलेला होता. पैसेवाले केव्हाच नव्या भागात राहायला गेले होते. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाल्यावर गेडिस दांपत्य उलट्या दिशेने निघाले. जेम्स कोर्ट नावाच्या जुन्या वाड्यातल्या चाळीत त्यांनी बिऱ्हाड थाटले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना रंग दिला, खिडक्यांत कुंड्या ठेवल्या, मोकळ्या कोपऱ्यांत बागा केल्या. जिथे एखादी इमारत अगदीच मोडकळीला आली होती, तिथे तेवढीच पाडली. त्या पोकळीतून शेजारच्या दहा घरांना उजेड आणि वारा मिळाला.

या पद्धतीला त्यांनी वैद्यकातले नाव दिले: कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी, म्हणजे अवयव राखून केलेली शस्त्रक्रिया. पाय सुजला म्हणून कोणताही शल्यविशारद लगेच पाय कापायला घेत नाही. आधी तपासणी, मग निदान, मग जेवढे अटळ असेल तेवढेच छेदन. शहरालाही हाच नियम लागू आहे, हे त्यांचे म्हणणे होते. उपचाराआधी निदान आणि निदानाआधी पायी पाहणी.

१८८८ पासून ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. वर्षातले थोडे महिने शिकवायचे, उरलेले शहरांसाठी, असा त्यांचा क्रम होता. १९१५ मध्ये त्यांचा ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हा ग्रंथ आला. शेजारची शहरे वाढत वाढत एकमेकांत मिसळतात, त्या महाकाय वस्तीला आज वापरला जाणारा ‘कॉनर्बेशन’ हा शब्द त्यांचाच.

भारतातले पायी सर्वेक्षण

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस भारतात आले. वर्षानुवर्षे जमवलेले शहरांचे नकाशे आणि चित्रे यांचे प्रदर्शन दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवली. साठ वर्षांच्या माणसाची आयुष्यभराची कमाई समुद्राच्या तळाशी गेली. मित्रांनी मायदेशी पुन्हा साहित्य गोळा करून पाठवले आणि काही महिन्यांत प्रदर्शन मद्रासला उभे राहिले.

त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी देशातल्या जवळपास पन्नास शहरांची पाहणी केली. त्यांत आपल्याकडची ठाणे, वांद्रे आणि नागपूरही होती. ते नकाशा घेऊन कचेरीत बसत नसत. पहाटे निघायचे, गल्लीबोळ, चौक, तलाव, देवळाचे आवार पायाखाली घालायचे, लोक कुठे थांबतात, पाणी कुठून आणतात, मुले कुठे खेळतात ते पाहायचे, आणि मग नकाशावर खूण करायची. बरोबरच्या अधिकाऱ्यांची दमछाक होत असे.

त्या काळात शहर सुधारायचे म्हणजे दाट वस्तीतून पट्टीने आखल्यासारखा सरळ, रुंद रस्ता काढायचा, अशी रीत होती. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि जुन्या वस्त्यांतून असे रस्ते काढले गेले. हेतू चांगला होता, हवा आणि उजेड आत यावा हा. पण घरे पडलेली माणसे जायची कुठे? ती शेजारच्या गल्लीत दाटी करून राहत आणि तिथला मृत्युदर वाढवत. रोग एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याचा हा उपचार गेडिस यांना मान्य नव्हता. लाहोरच्या अशाच एका आराखड्यावर त्यांनी कडक टीका केली. देऊळ, मशीद, थडगे, झाड, कशाचीच दखल न घेता त्यात समांतर रेषा ओढल्या होत्या.

तंजावरच्या किल्ल्यातल्या वस्तीसाठी त्यांनी पर्याय मांडला. गल्ल्या आहेत तशा ठेवायच्या, मोडकळीला आलेली मोजकी घरे काढायची, त्या जागी छोटे चौक करायचे, एकेक झाड लावायचे. सरळ रस्ते काढण्याच्या मूळ योजनेच्या तुलनेत खर्च साधारण एक षष्ठांश येत होता. आपल्या जुन्या गल्ल्यांची अरुंदता त्यांना दोष वाटली नाही. उन्हाच्या देशात ती सावली देते. वळणे गाडीला धावू देत नाहीत. गावभरची ये-जा मोजक्या मुख्य रस्त्यांवरून व्हावी आणि गल्ली ही घराची, बायकामुलांची, म्हाताऱ्यांची जागा राहावी, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. रुंद रस्त्याला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. जिथे मोठी वाहतूक खरोखर आहे तिथे तो असावा, पण प्रत्येक गल्लीला राजमार्ग करायचा खटाटोप कशासाठी, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

इंदूरची दिवाळी

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातले सर्वात कठीण. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलिस्डर फ्रान्समधल्या रणांगणावर मारला गेला. ॲना तेव्हा भारतात, अंथरुणाला खिळलेल्या होत्या. गेडिस यांनी ती बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवली. जूनमध्ये ॲनाही गेल्या. दोन-तीन महिन्यांत मुलगा आणि पत्नी दोघेही गमावलेला हा माणूस त्यानंतर होळकरांच्या इंदुरात कामाला लागला.

इंदुरात प्लेग होता. रस्त्याने जाताना लोक आपल्याकडे भीतीने पाहतात, हे गेडिस यांच्या लक्षात आले. चौकशी केल्यावर कळले की, घरे पाडणारा साहेब म्हणजे प्लेगइतकेच संकट, अशी त्यांच्याविषयी समजूत होती. तेव्हा त्यांनी दरबाराकडे एक अजब मागणी केली: दिवाळीपुरते मला महाराज करा.

ती मान्य झाली. मग त्यांनी दवंडी पिटवली की, यंदाची दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातले लोक आपली जास्तीत जास्त घरे दुरुस्त करतील, रंगवतील, झाडून काढतील, त्या भागातून ती जाईल. रस्ते सफाई नगरपालिका करील, घराची सफाई घरच्यांनी करायची. शहरभर खराटे आणि चुन्याच्या बादल्या बाहेर पडल्या. कचऱ्याच्या हजारो गाड्या गावाबाहेर गेल्या. उंदरांची बिळे बुजली.

मिरवणूक निघाली तीही वेगळीच. हत्ती, घोडे, उंट होतेच. पण त्यात कारागीर होते, त्यांची अवजारे होती, पिके होती. प्लेगचा उंदीर अवाढव्य आकारात बनवला होता, त्याच्या अंगावर थरथरणाऱ्या पिसवा. मागे लक्ष्मी. आणि तिच्या बरोबरीने सफाई कामगार, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, फुलांनी सजवलेल्या नव्या गाड्या घेऊन. ज्यांची सावलीही टाळली जायची, ते त्या दिवशी राजाच्या मिरवणुकीत मानाने चालले. रात्री राक्षसाचे आणि उंदराचे दहन झाले. घरोघरी तुळशीची रोपे वाटली गेली.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तोवर सिद्ध झाले होते, त्यामुळे या उत्सवाला शास्त्राचा आधार होता. साथ त्यानंतर ओसरली. प्लेग ऋतूनुसारही चढतो-उतरतो, म्हणून सगळे श्रेय एका मिरवणुकीला देणे वैद्यकाला धरून होणार नाही. पण जे काम हुकमाने आणि दंडाने होत नव्हते ते लोकांनी आपखुशीने केले, आणि तेही आपल्या गल्लीतून मिरवणूक जावी या हौसेने, ही गोष्ट खरी. इंदूरवरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यासाठी त्यांनीच निवडले. १९२४ मध्ये विभागाची सूत्रे घुर्ये यांच्या हाती आली आणि त्यांनी भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही गेडिस यांनी याच काळात, १९२० मध्ये लिहिले.

प्रकृती ढासळल्यामुळे १९२४ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि ते फ्रान्समध्ये माँपेलिए येथे स्थायिक झाले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. त्यात मोठे चौकोनी भाग आहेत, बाजूंनी वाहतुकीचे मुख्य रस्ते, आत राहत्या घरांच्या लहान, शांत गल्ल्या आणि मध्यभागी सर्वांची बाग. तंजावर, बलरामपूरच्या गल्ल्यांत जे पाहिले होते, तेच सूत्र इथे नव्या शहराला लावलेले दिसते. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

आजच्या रस्त्यावर

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. मैलापाण्याचा निचरा बागांमधून करण्यावर त्यांचा फार भर होता, तो लाखोंच्या शहराला पुरणारा नव्हता. त्यांचे बहुतेक अहवाल कपाटांत राहिले. त्यांनी नावाजलेल्या गल्लीत आज दुतर्फा दुचाक्या उभ्या असतात आणि अग्निशमनाचा बंब किंवा रुग्णवाहिका आत शिरत नाही. पण त्यावरचा उपाय घरे पाडणे हाच आहे का, की आधी उभ्या गाड्या हलवणे? निदानाआधी करवत उचलू नये, हे त्यांचे सांगणे इथे तंतोतंत लागू पडते.

वैद्यकाच्या बाजूने दोन हिशेब मांडतो. पहिला वेगाचा. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरऐवजी ६० ने आलेली मोटार दुप्पट नव्हे, चौपट मार देते. बंपरने गुडघ्याखालचे हाड मोडते, मांडी आणि खुबा बॉनेटवर आपटतो, डोके काचेवर. ताशी ३० च्या आसपास धडक बसलेली बहुतेक माणसे घरी परततात, वेग वाढेल तशी ही आशा झपाट्याने घटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. मोकळा, सरळ, रुंद रस्ता चालकाला नेमके वेगाचेच आमंत्रण देतो.

दुसरा हिशेब रुंदीचा. रस्ता ओलांडणारा माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे सिग्नल लावताना धरतात. ९ मीटरचा रस्ता त्याला साडेसात सेकंदांत पार होतो. तो १८ मीटरचा केला की पंधरा सेकंद लागतात. गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल तर तिला बावीस-तेवीस सेकंद हवेत. म्हणजे रुंदीकरणाने तिचा गाड्यांसमोरचा वेळ दुप्पट केला. मध्ये थांबायला सुरक्षित दुभाजक नसेल, तर हिरवा दिवा संपल्यावर ती रस्त्याच्या मधोमध असते.

उपाय अवघड नाहीत आणि गेडिस यांच्या भाषेत ते अवयव राखणारे आहेत. चौकात फूटपाथ पुढे आणून ओलांडायचे अंतर कमी करणे, मध्यभागी थांबायला जागा देणे, राहत्या वस्तीच्या गल्ल्यांत वेगाला लगाम घालणे, जिथून माणसे खरोखर ओलांडतात तिथे झेब्रा पट्टे आखणे. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमावलीत फूटपाथवर किमान १.८ मीटर विनाअडथळा जागा सांगितली आहे आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असेही आहे. पुणे महापालिकेने तर २०१६ मध्ये पादचारी धोरणही स्वीकारले. नियम आहेत, कमी आहे ती पाहणीची.

ती पाहणी कोणालाही करता येते. घरापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता एखाद्या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीचा हात धरून चालून पाहा. फूटपाथवरून किती वेळा खाली उतरावे लागले ते मोजा. १.८ मीटर मोकळी जागा कुठे आहे, कुठे नाही, टेपने मापा. सिग्नलचा हिरवा दिवा किती सेकंद असतो आणि त्यांना पलीकडे जायला किती लागले, दोन्ही लिहून काढा. पाच-दहा घरांनी मिळून ही नोंद वॉर्ड कार्यालयात दिली, तर रुंदीकरणाची फाईल उघडण्याआधी अधिकाऱ्यांसमोर रुग्णाचा केसपेपर तरी असेल.